लाकडी शर्यतीची गाडी : करवत पालकांनी धरावी, आस मुलांकडे द्यावेत

उतारावरून केवळ स्वतःच्या वजनाने धावणारी छोटी लाकडी गाडी मुलांबरोबर तयार करायची असेल, तर लाकूड आणण्याआधी कामाची वाटणी ठरवावी. बहुतेक घरांत करवत, ड्रिल आणि रंग ही दिसायला मोठी कामे पालक आपल्याकडे घेतात, मुलाच्या वाट्याला थोडेसे घासणे-पुसणे येते आणि शर्यतीच्या दिवशी ती गाडी मुलाची राहिलेली नसते. माझा आग्रह असा आहे की, मुलाची समजूत काढण्यापुरते काम त्याला देऊ नये. ज्या कामावर या गाडीचा वेग ठरतो, ते आसांचे, म्हणजे चाके ज्यांवर फिरतात त्या खिळ्यांचे, काम पूर्णपणे त्याच्याकडे सोपवावे. त्या कामात धोका नाही, त्याला ताकद लागत नाही, चिकाटी मात्र भरपूर लागते आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाची बोटे ते मोठ्यांच्या बोटांइतकेच चांगले करू शकतात.

हा खेळ अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे १९५३ साली डॉन मर्फी यांनी आपल्या स्काउट पथकातील लहान मुलांसाठी ‘पाइनवुड डर्बी’ नावाने तो सुरू केला. त्यांचा मुलगा आत बसून उतारावरून चालवायच्या ज्या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत भाग घेऊ इच्छित होता, तिच्यासाठी त्याचे वय कमी पडत होते; म्हणून त्यांनी हातात मावेल एवढ्या गाडीची शर्यत आखली. तेव्हापासून तिची मापे जवळपास तीच राहिली आहेत : सात इंच लांब, पावणेदोन इंच रुंद आणि सव्वा इंच उंच असा पाइनचा ठोकळा, म्हणजे साधारण १७८ × ४४ × ३२ मिलिमीटर, चार खिळे हेच आस, प्लॅस्टिकची चार चाके, आणि तयार गाडीचे वजन जास्तीत जास्त पाच औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. घरच्या शर्यतीतही ही वजनमर्यादा पाळावी, कारण मर्यादा असली की मुले वजन कोठे ठेवायचे याचा विचार करू लागतात.

लाकूड

सोलापुरात सुताराकडे गेल्यास तो आपुलकीने सागवानाचा तुकडा काढून देईल, परंतु तो या कामाला योग्य नाही. वरील मापाचा पाइनचा ठोकळा साधारण १२० ग्रॅम भरतो, तर सागवानाचा १६० ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे चाके बसवण्याआधीच मर्यादा ओलांडली जाते आणि वजन आपल्याला हव्या त्या जागी ठेवण्याची मुभा संपते. घरात मागावर आडवे सूत नेणारा जुना धोटा पडलेला असेल, तर त्याचा निमुळता आकार पाहून त्याचीच गाडी करण्याचा मोह मुलांना होतो. धोट्याचे लाकूड मात्र फार कठीण असते. तो गाडीचा आकार आखताना समोर नमुना म्हणून ठेवावा, त्याला करवत लावू नये.

पाइन मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे यंत्रांच्या पॅकिंगची खोकी. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत किंवा लाकडाच्या वखारीत अशा फळ्या मिळू शकतात. त्यांची जाडी कमी असल्यामुळे दोन फळ्या फेविकॉल लावून एकमेकींवर चिकटवाव्यात, क्लॅम्पने आवळून रात्रभर ठेवाव्यात आणि मगच ठोकळा कापावा. परदेशातून आलेल्या खोक्यांवर एक शिक्का असतो, तो आधी तपासावा. त्यात ‘एचटी’ ही अक्षरे असल्यास लाकडावर उष्णतेची प्रक्रिया झालेली आहे आणि ते वापरण्यास हरकत नाही. ‘एमबी’ ही अक्षरे असल्यास मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे आणि असे लाकूड मुलांच्या हाती देऊ नये. फळीत अडकून राहिलेले खिळे आणि पिना पक्कडीने काढल्याशिवाय करवत लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

कापणे आणि वजन भरणे

आकाराबद्दल फार चर्चा होते, पण एवढ्या लहान गाडीच्या आणि एवढ्या थोड्या अंतराच्या बाबतीत त्याचा परिणाम आसांच्या तुलनेत कमी असतो. मागचे सहा सेंटिमीटर पूर्ण उंचीचे ठेवून तेथून पुढे टोकापर्यंत आठ-दहा मिलिमीटर जाडी राहील असा उतार द्यावा. हा पाचरीसारखा आकार करायला सोपा आहे आणि वाऱ्यालाही कमी अडतो. मुलाने तो ठोकळ्याच्या बाजूवर पेन्सिलीने आखावा आणि पालकांनी कापावा.

आसांची छिद्रे मात्र ठोकळा चौकोनी असतानाच पाडून घ्यावीत, कारण आकार दिल्यावर त्याला सरळ टेकवायला बाजू उरत नाही. तळापासून पाच ते सहा मिलिमीटर उंचीवर, मागील छिद्र मागच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर आणि पुढील छिद्र त्याच्या पुढे साधारण तेरा सेंटिमीटरवर घ्यावे. दोन्ही बाजूंच्या रेषा गुण्या (काटकोन आखण्याचे सुतारी साधन) लावून आखाव्यात. खिळ्याच्या जाडीपेक्षा किंचित बारीक ड्रिल वापरल्यास खिळा घट्ट बसतो आणि पुन्हा काढताही येतो.

वजनासाठी शिसे वापरू नये. ते सहज मिळते, कमी जागेत जास्त भरते, परंतु विषारी आहे आणि मुलांचे हात तोंडाकडे जातात. बांधकामावर उरलेल्या १२ मिलिमीटर सळईचा चार सेंटिमीटरचा तुकडा सुमारे ३५ ग्रॅम भरतो. ग्रील करणाऱ्या कारागिराकडून तो कापून आणि कडा घासून घ्यावा. सळईवरील उंचवट्यांना जागा मिळावी म्हणून गाडीच्या मागच्या बाजूने १४ मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि ते आसाच्या छिद्रांना लागणार नाही इतके वर घ्यावे. सळई एम-सीलसारख्या घट्ट होणाऱ्या मिश्रणाने पक्की करावी. ग्लू गनचा गोंद येथे टाळावा, कारण एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि अशा दिवसांत स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या गाडीतील तो गोंद मऊ पडून सळई हलू लागते.

वजन मागे का, हे मुलाला अवश्य समजावून सांगावे. गाडी उतारावर उभी असताना तिचा मागचा भाग पुढच्या भागापेक्षा उंच असतो. वजन जितके मागे, तितका गाडीचा गुरुत्वमध्य सुरुवातीला उंच राहतो, तितके त्याला खाली उतरायला अधिक अंतर मिळते आणि सपाट भागात येईपर्यंत वेगही अधिक येतो. तयार गाडी आडव्या पेन्सिलीवर तोलून पाहावी. मागील आसाच्या अडीच ते चार सेंटिमीटर पुढे ती तोलली गेली पाहिजे. वजन त्याहूनही मागे गेले, तर पुढची चाके हलकी पडतात आणि गाडी वाटेत डुलू लागते.

आस

आता खरे काम. बाजारातून आणलेला खिळा डोळ्यांना गुळगुळीत दिसतो, पण तो तसा नसतो. कारखान्यात खिळ्याचे डोके ठोकून तयार होते, तेव्हा त्याच्या खाली धातूची बारीक कड सुटते आणि दांड्यावर पकडीचे आडवे वण राहतात. मुलाला खिळा हातात देऊन डोक्याच्या अगदी खालच्या भागावरून नख फिरवायला सांगावे. नख एका जागी अडते. चाक नेमके त्याच जागी टेकून फिरत असते, त्यामुळे शर्यतीचा प्रत्येक क्षण ही कड चाकाला धरून ठेवत असते. नख अडण्याची जागा एकदा सापडली की मूल उरलेले खिळे स्वतःहून तपासू लागते आणि वाकडे, कड सुटलेले खिळे बाजूला काढते. म्हणून चार हवे असले तरी दहा-बारा खिळे आणावेत. सुमारे सव्वादोन मिलिमीटर जाडीचे, रुंद डोक्याचे खिळे या कामाला चांगले.

खिळा हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये टोकाकडून पकडावा. मुलाने मूठ फिरवावी आणि पालकांनी पॉलिश पेपरची पट्टी धरावी; विजेचे ड्रिल वापरले तर वेळ वाचतो, पण मुलाच्या हातातील काम निघून जाते आणि कागद गुंडाळला जाऊन बोटे सापडण्याचा धोका येतो. आधी बारीक कानशीने डोक्याखालची कड काढावी. त्यानंतर पॉलिश पेपरच्या अरुंद पट्ट्या क्रमाने लावाव्यात : ४००, ६००, १०००, शेवटी २०००. शेवटचे दोन कागद पाण्यात भिजवून वापरावेत. एका कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नये, कारण राहिलेला खोल ओरखडा बारीक कागदाने जात नाही. तो गेला की नाही, हे खिळा खिडकीच्या उजेडात तिरपा धरल्यावर दिसते, आणि हे ठरवण्याचा अधिकार मुलाकडेच असावा. सगळ्यात शेवटी पितळेची भांडी चमकवण्याची पॉलिश कापसावर घेऊन खिळा घासावा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढावा. हे काम एका बैठकीत उरकू नये. उन्हाळी सुट्टीत दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही. त्या वेळेत रोज एक खिळा या गतीने ते चांगले होते.

चाके विज्ञान प्रकल्पांचे साहित्य ठेवणाऱ्या दुकानांत मिळतात. ३० मिलिमीटर व्यासाची घ्यावीत. त्यांची छिद्रे बहुधा दांडा घट्ट बसावा अशा मापाची असतात, म्हणून ती खिळ्यापेक्षा किंचित मोठ्या ड्रिलने, हाताने फिरवत, मोकळी करावी लागतात. साच्यातून निघालेल्या चाकाच्या कडेला प्लॅस्टिकचा जो बारीक तुरा राहतो, तो पॉलिश पेपरवर हलके फिरवून काढावा.

वंगणाच्या बाबतीत मोठ्या माणसांशी थोडा वाद होण्याची शक्यता आहे. ज्या घरांतील आजोबांनी आयुष्य यंत्रमागावर काढले आहे, तेथे फिरणाऱ्या कोणत्याही वस्तूला तेल सोडण्याची सवय पक्की असते, आणि मागाच्या बाबतीत ती योग्यच आहे. या गाडीला मात्र तेल देऊ नये. तेलावर धूळ बसते, आणि आपल्या शहरात धुळीबरोबर हवेत तरंगणारे सुताचे तंतूही असतात. ते तेलात अडकून आसाभोवती गुंडाळले जातात. येथे कोरडे ग्राफाइट हवे. कुलपांसाठी मिळणारी ग्राफाइटची भुकटी उत्तम. ती मिळाली नाही, तर ८बी किंवा १०बी पेन्सिलीचे टोक बारीक कागदावर घासून मुलांना ती तयार करता येते; साध्या एचबी पेन्सिलीत मातीचे प्रमाण जास्त असते, म्हणून ती घेऊ नये. वर्तमानपत्र पसरून, जुने कपडे घालून हे काम करावे. भुकटी चाकाच्या छिद्रात आणि खिळ्याच्या डोक्याखाली लावून चाक बराच वेळ हाताने फिरवत राहावे, म्हणजे ती बसते. पॉलिश न केलेल्या एका खिळ्यावर तेच चाक फिरवून थांबेपर्यंतचा वेळ मोजावा, नंतर पॉलिश केलेल्या खिळ्यावर मोजावा, आणि दोन्ही आकडे मुलाने वहीत लिहावेत.

बसवणे आणि सरळ धावणे

रंग आसांच्या आधी द्यावा आणि छिद्रांवर चिकटपट्टी लावून ठेवावी. सोलापुरी चादरीवरील नक्षी सरळ रेषांनी आणि पायऱ्यापायऱ्यांनी बनलेली असते, त्यामुळे चिकटपट्टीच्या साहाय्याने ती मुलांना चांगली उतरवता येते. रंगाचेही काही ग्रॅम भरतात. म्हणून शेवटचे वजन रंग वाळल्यावर करावे. स्वयंपाकघरातील डिजिटल काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो, तेवढे पुरेसे आहे. कमी पडलेले वजन मागील बाजूला लहान वॉशर चिकटवून भरावे.

खिळा बसवताना चाक आणि लाकूड यांच्यामध्ये एटीएम कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी. फट नसेल तर चाक लाकडाला घासते, जास्त असेल तर गाडी डावी-उजवीकडे आपटत जाते. त्यानंतर गाडी सरळ धावते का, हे पाहावे. जुन्या घरांतील शहाबादी फरशी यासाठी भरवशाची नसते, कारण तिचे सांधे आणि उतार गाडीला वळवतात. स्वयंपाकाचा ग्रॅनाइटचा ओटा किंवा टेबलावर ठेवलेली जाड काच बरी. खडूने सरळ रेष आखून गाडी हलकेच ढकलावी. ती एका बाजूला जात असेल, तर पुढचा एखादा खिळा पक्कडीने अगदी थोडा फिरवावा आणि पुन्हा ढकलून पाहावे. खिळा फिरवणे पालकांनी करावे, पण गाडी कोणत्या बाजूला गेली आणि म्हणून कोणता खिळा फिरवायचा, हे मुलाने सांगावे. अनुभवी मंडळी पुढचे एक चाक जमिनीपासून एक-दीड मिलिमीटर उचलून बसवतात, म्हणजे फिरते ठेवायला तीनच चाके उरतात. घरातील भावंडांची शर्यत असेल, तर ही युक्ती सर्वांना आधी सांगावी, नाहीतर ती कोणालाही वापरू देऊ नये.

शर्यत

मार्गासाठी आठ फूट लांबीच्या प्लायवुडच्या तीन पट्ट्या टोकाला टोक जोडाव्यात. प्रत्येक मार्गिका, म्हणजे एका गाडीची वाट, चार इंच रुंद असावी आणि तिच्या मधोमध ४ सेंटिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड पट्टी चिकटवावी. गाडीची चाके या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी धावतात. सुरुवातीचे टोक सुमारे चार फूट उंच ठेवावे आणि उतार जेथे सपाट होतो तेथे टोक येऊ न देता प्लायला हळूहळू वळण द्यावे. शेवटी जुनी चादर घडी करून ठेवावी, नाहीतर एवढ्या मेहनतीने सरळ केलेले आस पहिल्याच धडकेत वाकतात. मांडणी संध्याकाळी गच्चीवर करावी, पण वारा सुटलेला असेल तर बोळात किंवा हॉलमध्ये.

दोन मार्गिका कधीच सारख्या नसतात. म्हणून प्रत्येक गाडी प्रत्येक मार्गिकेत धावावी आणि वेळांची बेरीज करून निकाल ठरवावा. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेतली जात असतील, तर अगदी थोड्या फरकाचा निकालही वादाविना लागतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडीला चाकांवर उभी करू नये. ठोकळ्यावर, चाके अधांतरी राहतील अशी ठेवावी. चार-पाच फेऱ्यांनंतर ग्राफाइट कमी होते आणि वेळ वाढू लागते. मुलाच्या वहीतील आकडे पाहूनच ते कळते, आणि तेव्हा भुकटी पुन्हा लावावी.