या चुका टाळा : निवृत्तीनंतरचा टँगो, नाटकं आणि पायी भटकंती

बडोद्यात म्हातारपणी नाचायची कुणाला लाज वाटत नाही. नवरात्रात सत्तरीच्या आजी गरब्याच्या रिंगणात उतरतात आणि कुणी वळूनही बघत नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर टँगो हा जोडीनं करायचा नाच शिकायला निघालेल्या इथल्या मराठी माणसाला लोक काय म्हणतील याची फिकीर नसते, गुडघा काय म्हणेल याची असते. नाटकाचं वेड दांडिया बाजार-रावपुऱ्यात वाढलेल्यांना घरातूनच मिळालेलं. पहाटे कमाटी बागेत चक्कर मारल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही, अशी मंडळीही पुष्कळ. या तिन्ही हौशींत गोची बहुतेकदा एकाच जागी होते : नजर नको तिथे असते. नाचताना ती पायांवर असते, नाट्यगृहाच्या जिन्यावर चष्म्याच्या वाचायच्या काचेत अडकते, आणि बडोद्याजवळच्या पावागढावर नुसती देवळाच्या कळसाकडे लागलेली असते.

गरब्याची उसळी घरी ठेवा

एका बाबतीत बडोदेकराचं काम सोपं आहे. गरब्याचं रिंगण घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतं, आणि टँगोच्या फ्लोअरवरची जोडपीही त्याच दिशेनं सरकतात. दिशा शिकवावी लागत नाही. पण गरब्यात पावलागणिक गुडघा वाकतो आणि अंग वर उसळतं. टँगोत पाय जमिनीला जवळजवळ घासून जातो, वजन पुढे सरकतं, डोकं वरखाली होत नाही. आरशासमोर चालून बघा. डोकं हलत असेल तर तुम्ही अजून गरबाच खेळताय. शिवाय गरब्यात चपळ माणूस आतल्या रिंगणात घुसून पुढे निघतो. टँगोत पुढच्या जोडप्याला ओलांडणं असभ्य समजतात. पुढे जागा नसेल तर जागच्या जागी वजन बदलत थांबायचं.

दुसरी चूक क्लास निवडताना होते. तोंडात गुलाब, मानेला झटके, हवेत उडणारे पाय हे सिनेमातलं आणि रंगमंचावरचं प्रकरण. ब्वेनोस आयरेस आणि मोंतेविदेओ या शहरांत जन्मलेला, युनेस्कोनं २००९ मध्ये वारसा यादीत घेतलेला टँगो हा मुळात मिठीत चालण्याचा नाच आहे. ब्वेनोस आयरेसच्या जागतिक स्पर्धेतही फ्लोअरचा टँगो आणि मंचाचा टँगो असे दोन वेगळे गट असतात. यूट्यूबवर आपल्याला दिसतो तो बहुधा मंचाचा. आपल्याकडच्या क्लासांत साल्सा, बचाता, बॉलरूम सगळं एकाच छपराखाली असतं, म्हणून फी भरण्याआधी विचारा : पहिल्या महिन्यात काय शिकवणार? ‘चालायला’ असं उत्तर आलं तर नाव नोंदवा. ‘वार्षिक कार्यक्रमासाठी डान्स बसवू’ असं आलं तर नमस्कार करून निघा.

गुडघा दुखतोय? आधी बुटाचा तळ बघा

टँगोत पावलाच्या पुढच्या भागावर अंग वळवावं लागतं. फिरायला जायचे रबरी तळाचे बूट घालून हे केलं की तळ जमिनीला चिकटतो, पाऊल जागेवर राहतं आणि वरचं अंग फिरतं. मधे सापडतो गुडघा. दुखायला लागलं की मंडळी वयाला दोष देतात आणि क्लास सोडतात. चामड्याच्या किंवा स्वेडच्या तळाचे, टाच घट्ट धरणारे बूट घ्या. बायकांनी सुरुवातीला उंच टाचेच्या वाटेला जाऊच नये, शिक्षिकेची टाच कितीही सुंदर दिसो. नवीन बूट घ्यायचे नसतील तर जुना मोजा बुटाच्या फक्त पुढच्या भागावर चढवा आणि टाच उघडी ठेवा. वळता येतं आणि टाचेनं थांबताही येतं. गुळगुळीत टाइल्सवर मात्र ही युक्ती नको. आणि ज्यांना अनवाणी गरब्याची सवय आहे त्यांनी टँगो अनवाणी करू नये. घामेजलेला तळवा रबरासारखाच चिकटतो, वर कुणाची टाच बोटावर आली तर महिनाभर चप्पलसुद्धा घालवत नाही.

खाली बघून नाचणं ही तर सार्वत्रिक खोड. एका क्लासात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. मान खाली, नजर काकूंच्या पायांवर, आणि तरीही दर चौथ्या पावलाला काकूंचा अंगठा चेंगरायचा. काकू अखेर म्हणाल्या, “अहो, खाली काय शोधताय? पैसे पडलेत का?” “अगं, पाय पडेल ना तुझ्या पायावर!” “तो पडतोच आहे.” शिक्षकांनी काकांना काकूंच्या खांद्यावरून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. एकादशी कधी, चतुर्थी कधी, मोठ्यानं. पुढच्या फेरीत अंगठा वाचला. यात जादू काही नाही. डोक्याचं वजन चार-पाच किलो. मान झुकली की ते पुढे जातं, तोल त्याच्या मागे जातो. शिवाय जोडीदाराचं पाऊल कुठे पडणार हे त्याच्या छातीच्या वळण्यावरून आधी कळतं, पायावरून उशिरा.

नवरा-बायकोनं एकमेकांना शिकवू नये, हा माझा ठाम आग्रह. चाळीस वर्षांच्या संसारात साठलेलं सगळं त्या एका चुकीच्या वळणावर बाहेर पडतं. टँगोत जोड्या बदलून नाचायची रीतच आहे, तिचा फायदा घ्या. परक्या माणसाच्या जवळ जायचा संकोच वाटत असेल तर तसं सांगा. हात एकमेकांच्या दंडावर ठेवून, मधे भरपूर अंतर राखूनही हा नाच होतो. जोडीदार नाही म्हणून कुणी घरी बसू नये. जुन्या ब्वेनोस आयरेसमध्ये पुरुष पुरुषांबरोबरच सराव करत. दोन मैत्रिणींनी आळीपाळीनं पुढाकार घेऊन नाचायला काहीच हरकत नाही.

पावलं जमतात पण ताल सुटतो, अशी तक्रार असेल तर संगीत बदला. ज्यांना तालाचा बादशहा म्हणत त्या हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदाचं वादन पहिल्याच आठवड्यात लावलं तर दमछाक होणारच. कार्लोस दि सार्लीचं वादन संथ आणि ठोके स्पष्ट. चालायला तेच बरं. नाचाच्या संध्याकाळी तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, त्याला तांदा म्हणतात, आणि दोन संचांमध्ये वेगळ्या संगीताचा छोटा तुकडा वाजतो. हा तुकडा आपल्या वयाला वरदान आहे. तो वाजला की बसा, पाणी प्या, एक संच सोडून द्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रिकाम्या पोटी नाचायला जायचं नाही आणि खिशात साखर ठेवायची. वळताना चक्कर येत असेल तर ‘होईल सवय’ म्हणू नका, बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

नाट्यगृहात कान आणि जिने

मुंबई-पुण्याची नाटकं बडोद्यात वारंवार येत नाहीत. त्यामुळे गांधी नगरगृहात किंवा अकोट्याच्या सयाजीराव नगरगृहात प्रयोग लागला की मिळेल ते तिकीट घ्यायची घाई होते. कडेची खुर्ची मिळत नसेल तर दोन रांगा मागे जा, पण कडेचीच घ्या. मध्यंतराची गर्दी, प्रोस्टेट आणि अंधारात सात जणांचे गुडघे ओलांडणं, ही तीन संकटं एकदम टळतात. पाणी काढणारी गोळी प्रयोगाच्या दिवशी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा. स्वतःच्या मनानं मात्र गोळी चुकवू नका.

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर सांभाळा. त्याच्या काचेचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायरीची कड धूसर दिसते. जिना उतरताना नुसते डोळे खाली न वळवता हनुवटी छातीकडे न्या, म्हणजे वरच्या काचेतून पायरी दिसेल. भटकंतीला तर फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घ्यावा. त्याचा खर्च पडण्याच्या खर्चापेक्षा फार कमी.

मैफलीला जाणाऱ्यांची एक तक्रार सतत कानावर येते : कानाला मशीन लावल्यापासून गाण्यात राम राहिला नाही. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये ज्या शहरात गायनशाळा सुरू केली, फैयाझ खाँ जिथे दरबारगायक होते, तिथल्या रसिकाला तानपुरा थरथरता आणि बेसूर ऐकू यावा ही शिक्षाच. दोष गवयाचा नसतो. कानाचं मशीन बोलणं ऐकू येण्यासाठी बसवलेलं असतं. लांबलेला एकसलग सूर ही त्याला स्वतःची शिट्टी वाटते आणि ते सूर दाबायला जातं. बासरीचंही तेच होतं. यावर उपाय आहे. अनेक मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो. ऑडिओलॉजिस्टकडून तो चालू करून घ्या आणि कसा बदलायचा ते तिथेच दोनदा करून बघा. सभागृहात स्पीकरच्या समोर बसू नका. मशीन काढून सदऱ्याच्या खिशात टाकू नका, ते सदऱ्याबरोबर धुतलं जातं.

पायी फिरताना : चढायचं कमी, उतरायचं जास्त जपा

गावातल्या गावात फिरायचं तर जुन्या शहरातली मांडवीची वास्तू मधोमध धरा. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चारही दरवाज्यांकडे तिथून रस्ते जातात. एका सकाळी चारही उरकायचा हट्ट मात्र नको. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याची भित्तिचित्रं आणि कीर्तिमंदिरातलं नंदलाल बोसांचं गंगावतरण यांच्यासमोर उभं राहायला वेळ लागतो, आणि नुसतं उभं राहण्यानं चालण्यापेक्षा लवकर पाय भरून येतात. घडीचं स्टूल सोबत ठेवा. पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठानं पाणी बघायला जाऊ नका. मगरी खऱ्या आहेत, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या.

पावागढ पन्नासेक किलोमीटरवर. तिथे जवळपास सगळेच उलटं करतात : दम लागेल म्हणून रोपवेनं वर आणि ‘उतरणं काय, सोपंच’ म्हणून पायऱ्यांनी खाली. चढताना काम पडतं हृदय-फुप्फुसांना, उतरताना मांड्यांना आणि गुडघ्यांना. डॉक्टरांनी हृदयाला हिरवा कंदील दिला असेल आणि दुखणं गुडघ्याचं असेल, तर रोपवे जिथून सुटतो त्या माचीहून सावकाश चढा आणि येताना रोपवे घ्या. हृदयाचा त्रास असेल तर दोन्ही वेळा रोपवे, आणि त्यापुढच्या पायऱ्याही टाळल्या तरी देवी रागावणार नाही. रविवार आणि नवरात्र वगळा. पायथ्याशी चांपानेरची जामी मशीद आणि भोवतालचे अवशेष आहेत. २००४ पासून ते जागतिक वारशात आहेत आणि चालायला बरेचसे सपाट. गडावर जाणाऱ्या गाड्या त्यांच्याकडे न बघताच पुढे निघतात, ही माझ्या मते पावागढच्या सहलीतली सगळ्यात मोठी चूक.

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखं काळीनिळी होतात.

पावागढहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून लगेच नाचाच्या क्लासला जाऊ नका. न सवयीच्या उतरणीचं दुखणं एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतं. मांड्या दोन्ही बाजूंनी सारख्या दुखत असतील तर विश्रांती आणि हलकं चालणं पुरेसं आहे. एकच गुडघा सुजला, मधेच अडकला किंवा जिन्यावर दगा देऊ लागला, तर बाम चोळत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि जाताना नाचाचे बूट पिशवीत घालून न्या. तळ कुठल्या कडेला झिजलाय ते त्यांना बघू द्या.