सायटेशन उघडून बघितलंस का?

मागच्या पावसाळ्यात एका वाटणीच्या दाव्यात निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, माझा युक्तिवाद होता. आदल्या रात्री ज्युनिअरने लेखी युक्तिवादाचा मसुदा पाठवला. भाषा सफाईदार, परिच्छेद नेटके आणि शेवटी चार सायटेशन, म्हणजे आधाराला घेतलेल्या जुन्या निकालांचे संदर्भ. सवयीप्रमाणे मी चारही उघडायला बसले. दोन सापडली. तिसऱ्याच्या पानावर मोटार अपघाताच्या भरपाईचा निकाल निघाला. चौथं कुठेच नव्हतं. रात्री साडेअकराला फोन केला, "हे कुठून आणलंस?" पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग हळूच, "मॅडम, चॅटजीपीटी."

बोलायचं ते सगळं बोलले. सकाळी सांगलीत विजयनगरला कोर्टात जाताना मात्र आठवलं की हे काम मी त्याला संध्याकाळी सात वाजता दिलं होतं, आणि देताना म्हटलं होतं, "सकाळपर्यंत चार ऑथॉरिटी पाहिजेतच." प्रत्यक्षात आधाराला दोनच निकाल पुरले असते. चारचा आकडा माझा होता.

त्यानंतर ऑफिसात जी रीत बसवली ती इथे लिहिते. माझी वकिली सांगलीची, जास्त करून दिवाणी. तुमच्याकडे कामाचा प्रकार वेगळा असेल तर तसा फेरफार करून घ्या.

आधी, सांगायची सोय करा

हे सीनिअरांसाठी आहे. "आमच्या ऑफिसात एआय चालत नाही" असं जाहीर केलंत तर त्याचा वापर थांबत नाही, फक्त लपून होतो. ज्युनिअरच्या मोबाईलमध्ये ते आहेच. म्हणून आमच्याकडे नियम उलटा ठेवला. प्रत्येक मसुद्याच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने एक ओळ लिहायची: एआयकडून काय करून घेतलं. "भाषांतर", "तारखांची यादी", "परिच्छेद ७ ते ९ चा कच्चा मसुदा", जे असेल ते. काही केलं नसेल तर "काही नाही". ती ओळ वाचून मी कुणाला बोलत नाही. ओळ नसली तर मसुदा परत जातो.

हे का, ते न्यू यॉर्कच्या गाजलेल्या प्रकरणावरून कळेल. माता विरुद्ध एव्हियान्का. मूळ वाद साधा: विमानात खाण्यापिण्याची ट्रॉली गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने नुकसानभरपाई मागितली होती. त्याच्या वकिलांनी जे निकाल दाखल केले त्यातले काही चॅटजीपीटीने रचलेले होते. समोरच्या वकिलांना ते सापडेनात. कोर्टाने प्रती मागितल्या, तर यांनी निकालांचे उतारेही तिथूनच काढून दाखल केले. २२ जून २०२३ रोजी न्यायाधीश कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड केला. शिवाय ज्या न्यायाधीशांच्या नावावर ते खोटे निकाल खपवले होते, त्या प्रत्येकाला पत्र पाठवून कळवायला लावलं.

हे सगळीकडे छापून आलं. त्यात एक गोष्ट कमी सांगितली जाते. संशोधन करणारे वकील श्वार्ट्झ, तीस वर्षांची वकिली. पण त्या संघीय कोर्टात वकिली करायची त्यांना परवानगी नव्हती, म्हणून सही केली सहकारी लोड्युका यांनी. त्यांनी ते निकाल उघडूनही पाहिले नाहीत. सहकाऱ्यावर विश्वास ठेवला. दंड दोघांना आणि त्यांच्या फर्मलाही. आपल्याकडे रोज काय चालतं ते आठवा: ज्युनिअर लिहितो, टायपिस्ट छापतो, सीनिअर बाररूममध्ये चहा पीत पीत तीन ठिकाणी सह्या ठोकतो. मीही ठोकल्या आहेत.

सायटेशन कसं तपासायचं

पहिली गोष्ट, ज्याने दिलं त्यालाच "हे खरं आहे का?" विचारायचं नाही. श्वार्ट्झ यांनी नेमकं हेच केलं होतं. त्यांनी विचारलं आणि उत्तर आलं, हो, खरा निकाल आहे, मोठ्या कायदेविषयक डेटाबेसमध्ये मिळेल. हे यंत्र निकालांच्या कपाटातून फाईल काढून देत नाही, पुढचा शब्द कुठला शोभेल त्याचा अंदाज बांधत जातं. पक्षकारांची नावं, वर्ष, खंड, पान, सगळं शोभेसं बसवतं. सायटेशनचा साचा इतका ठरीव असतो की खोटं सायटेशन दिसायला खऱ्यासारखंच असतं.

मग कुठे बघायचं? पैसे लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे छापील रिपोर्ट ई-एससीआरवर मोफत आहेत, आणि उच्च न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या निकाल शोधायच्या पोर्टलवर. हल्लीच्या निकालांना न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोर्टानेच दिलेला क्रमांक असतो: सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर वर्ष, मग 'आयएनएससी', मग क्रमांक, मुंबईच्या अपील शाखेच्या निकालावर वर्ष, 'बीएचसी-एएस' आणि क्रमांक. तो क्रमांक टाकून पीडीएफ उतरवायची. पीडीएफ मिळाली नाही तर ते सायटेशन आमच्या ऑफिसपुरतं अस्तित्वात नाही. "मॅडम, तीन ठिकाणी उल्लेख दिसतोय" हे चालत नाही. ते तीन उल्लेखही अशाच कुणीतरी टाकलेले असू शकतात.

पीडीएफ मिळाली की हेडनोटवर, म्हणजे सुरुवातीला छापलेल्या सारांशावर, थांबायचं नाही. ज्या परिच्छेदावर आपण उभे आहोत तो वाचायचा, झेरॉक्स काढून त्याच्या बाजूला रेघ मारायची. अनेकदा निकाल खरा निघतो, पण एआयने सांगितलेलं वाक्य त्यात नसतं, किंवा असतं ते हरलेल्या बाजूचा युक्तिवाद म्हणून कोर्टाने नोंदवलेलं.

आता सगळ्यांत फसवा प्रकार: निकाल खरा, वाक्य खरं, पण कायदा मेलेला. मुलींच्या वाटणीबद्दल विचारलंत तर प्रकाश विरुद्ध फुलवती हा निकाल पुढे येऊ शकतो. त्यात म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असतील तरच मुलीला सहदायकाचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क. निकाल खरा आहे, छापलेला आहे, उघडूनही दिसतो. पण ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्दबातल ठरवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. जुना निकाल घेऊन उभे राहिलात तर समोरचा वकील नुसता हसेल. म्हणून प्रत्येक निकालाचं नाव पोर्टलवर टाकून नंतरच्या निकालांत त्याचं काय झालं ते पाहायचं. आणि महाराष्ट्रात आणखी एक पाऊल: २२ जून १९९४ पासून आपल्या राज्याची स्वतंत्र दुरुस्ती होती, त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींसाठी. जुन्या फेरफारांच्या आणि वाटण्यांच्या भानगडीत ती अजूनही उपयोगी पडते. दिल्लीकडचे निकाल देणाऱ्या यंत्राला ती आपणहून आठवलेली मी अजून पाहिली नाही.

हे फक्त वकिलांचंच होतं असं नाही. बंगळूरच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये एक आदेश दिला, त्यात अस्तित्वात नसलेले निकाल होते म्हणून तो काही दिवसांत मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निकाल सापडतच नव्हते. केरळ उच्च न्यायालयाने तर जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी धोरणच काढलं: निष्कर्ष काढायला, आदेश किंवा निकाल लिहायला एआय वापरायचं नाही.

कलमांचं वेगळंच

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि घोळाला आणखी एक दार उघडलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. एआयला नुसतं "४८२ चा अर्ज" म्हटलंत तर तो कुठला देईल याचा भरवसा नाही. विचारताना संहितेचं पूर्ण नाव आणि घटनेची तारीख द्या. गुन्हा १ जुलैच्या आधी घडला असेल तर कलम जुन्या दंड संहितेचंच लागतं, एफआयआर नंतर नोंदवली तरीही. आमच्या टेबलावर जुन्या-नव्या कलमांचा छापील तक्ता आहे. कोपरे दुमडलेत, चहाचे डाग पडलेत, पण रोज हातात असतो.

काय टाकायचं नाही

पक्षकार आपल्याला जे सांगतो ते त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ते आहे, आणि कलम नसतं तरी वकिलीचा पायाच तो. मोफत अ‍ॅपमध्ये अशिलाचं खरेदीखत, आधार, आजाराचे कागद चिकटवणं म्हणजे ते भलत्याच कुणाच्या दप्तरात ठेवून येणं.

आमची पद्धत अशी. नावांच्या जागी "वादी क्र. १", "प्रतिवादी क्र. ३ (वादीचा चुलत भाऊ)". गावाच्या जागी "गाव क". गट नंबर बदलायचा. चतुःसीमा काढूनच टाकायची, कारण छोट्या गावात पूर्वेला ओढा आणि पश्चिमेला अमक्याचं शेत म्हटलं की जमीन ओळखता येते. घटस्फोटाची कामं शक्यतो टाकायचीच नाहीत. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव, शाळा, गल्ली, काहीही नाही. तिची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हाच आहे. आणि मोबाईलवरून कागदाचा सरळ फोटो काढून टाकायचा नाही, कारण फोटोतली नावं झाकायचा कंटाळा येतो आणि रात्री दहानंतर तो सगळ्यांनाच येतो.

मग वापरायचं कशाला?

कागद आपला, काम त्याचं, तपासणी परत आपली. या चौकटीत ते फार कामाचं आहे.

चाळीस पानांचा उलटतपास असेल तर नावं बदलून द्या आणि सांगा: तारीखवार घटनाक्रम काढ, प्रत्येक नोंदीपुढे पान नंबर लिही, कागदात नसलेलं काही लिहू नकोस. पान नंबर हवाच, कारण त्यावरूनच तपासणी होते. पहिल्या खेपेस दोन-तीन नोंदी चुकतात. तरीही माझा दीड तास वाचतो.

मला सगळ्यांत आवडलेला उपयोग वेगळाच. आपला दाव्याचा मसुदा देऊन म्हणायचं, "तू प्रतिवादीचा वकील आहेस. यातल्या पाच कमकुवत जागा दाखव." ज्युनिअर मला असं सांगायला बिचकतो, कारण मी मॅडम. यंत्राला संकोच नाही. एकदा त्याने विचारलं की वहिवाट १९९८ पासून म्हणता, मग २००३ च्या पीकपाहणीत प्रतिवादीचं नाव का? मी ती नोंद वाचली होती आणि सोयीस्कर विसरले होते.

भाषांतराला मात्र सांभाळून. "कैफियत" म्हणजे त्याला तक्रार वाटली. आपल्याकडे ती प्रतिवादीचं लेखी म्हणणं. "मुदत खरेदी" म्हणजे मुदतीत पैसे फेडून जमीन परत घ्यायच्या अटीवरची खरेदी, तिचं त्याने मुदत संपलेली खरेदी केलं. निशाणी ५ हा जोडलेला पाचवा कागद समजला, तात्पुरत्या मनाईचा अर्ज नव्हे. कोर्टाच्या मराठीची चाळीस-पन्नास शब्दांची यादी करा आणि दर वेळी मजकुराआधी ती चिकटवा, बरंच सुधारतं. मोडीचं नावच काढू नका. संस्थानकाळच्या एका कागदाचा फोटो मी हौस म्हणून देऊन पाहिला, त्याने पूर्ण खात्रीने एक बक्षीसपत्र वाचून दाखवलं. मोडी जाणणाऱ्या आजोबांकडे नेला तर ती चाऱ्याच्या गंजीची पावती निघाली.

सीनिअरांना आणखी एक

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना दरमहा शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. तालुक्याच्या ठिकाणी किती ऑफिसं देतात, ते आपल्याला ठाऊक आहे. पेट्रोलपुरते पैसे देऊन रात्री सातला काम सोपवायचं, सकाळी नऊला चार ऑथॉरिटी मागायच्या, आणि त्याने शॉर्टकट मारला की "आजकालची पोरं" म्हणायचं, हे मला आता पटत नाही. माझ्याकडे आता संशोधनाचं काम दोन दिवस आधी दिलं जातं. तातडीचं असेल तर सायटेशन मी स्वतः काढते. आणि "काही सापडलं नाही" हे उत्तर म्हणून स्वीकारते. पहिल्यांदा ते ऐकताना जड गेलं.

शेवटची चौकी आमच्या कारकून काकांची. एआय म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. त्यांना एवढंच सांगितलंय की युक्तिवादात जितकी सायटेशन, तितक्या रेघ मारलेल्या झेरॉक्स मागे लागल्या पाहिजेत. गेल्या महिन्यात माझ्याच एका कामात पाचला चार निघाल्या. मी घाईत होते, गाडी खाली उभी होती. काकांनी फाईलला दोरी बांधली नाही. मी परत वर गेले आणि पाचवी काढायला बसले.