फ्रान्सच्या सपाट वाटांवर सायकल चालवताना या चुका टाळा

सिंहगडावर दर रविवारी सायकल चढवणाऱ्या माणसाला फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या बोन ते माकों मार्गाचा नकाशा दाखवला, तर तो हसतो. अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. आधी द्राक्षमळे, मग कालव्याचा काठ, मग जुन्या रेल्वेच्या जागेवर केलेली मोटारबंद वाट. "हे तर एका दिवसात उडवू," असं आमच्यातला एकजण म्हणालाही होता. पाय त्याचे खरंच दमले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता तो एका बंद बेकरीच्या पायरीवर बसून शेवटची चिक्की मोजत होता.

या भागात माणूस चढामुळे अडत नाही, वेळापत्रकामुळे अडतो. पुण्या-मुंबईकडचा सायकलस्वार किलोमीटर आणि चढाई बघून बेत आखतो, आणि इथे तेच नडतं.

पहाटे पाचला तयार होणं

आपल्याकडे ऊन आणि ट्रक चुकवायचे म्हणून आपण अंधारातच निघतो. ती सवय इथे काही कामाची नाही. घरगुती मुक्कामात न्याहरी बहुधा आठच्या सुमारास मिळते आणि गावातली बेकरीही सातच्या आधी क्वचितच उघडते. आम्ही पहिल्या दिवशी साडेपाचला हेल्मेट घालून अंगणात उभे होतो. यजमानीणबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे नऊला निघूनही दिवस पुरून उरतो. जुलै-ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत पारा पस्तिशीच्या वर जातो, तेव्हा मात्र लवकर निघा. पण मग आदल्या रात्री पाव, चीज आणि फळं घेऊन ठेवा.

"वाटेत काहीतरी मिळेलच"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्याकडे कोणत्याही फाट्यावर चहाची टपरी आणि वडापाव असतोच, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. फ्रेंच खेड्यात चर्च असतं, कारंजं असतं, खिडक्यांत फुलं असतात, पण दुकान असेलच असं नाही. असलं तरी ते साधारण साडेबारा ते दोन-अडीच बंद. उपाहारगृहांचं स्वयंपाकघर दुपारी बारा ते दोन या वेळेतच चालतं; सव्वादोनला पोचलात, तर मालक नम्रपणे मान हलवतो आणि कॉफी देतो. रविवारी दुपारनंतर गावं झोपतात. सोमवारी बऱ्याच बेकऱ्यांची सुट्टी असते. शिवाय 1 मे, 8 मे, 14 जुलै आणि 15 ऑगस्ट हे सार्वजनिक सुट्टीचे दिवस.

उपाय साधा आहे. दिसलेली पहिली उघडी बेकरी सोडू नका, भूक असो वा नसो. आत शिरल्यावर आधी 'बोंज्यूर' म्हणा, मग मागा. न म्हणता थेट मागितलं, तर तिथे ते उद्धटपणाचं वाटतं आणि सेवाही तशीच मिळते. रात्री यजमानांकडे जेवायचं असेल तर किमान आदल्या दिवशी सांगा. शाकाहारी असाल तर ते आरक्षण करतानाच लिहा, कारण आयत्या वेळी भाज्यांच्या नावाखाली उकडलेली फरसबी समोर येते. घरून नेलेले ठेपले आणि चिवडा इथे सोन्याच्या मोलाचे. मात्र तूप, पेढे, खव्याच्या वड्या नेऊ नका: युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पाण्याची गोष्ट वेगळी. बाटली रिकामी झाली आणि गाव बंद असेल, तर दफनभूमी शोधा. फुलांना पाणी घालण्यासाठी तिथे बहुधा नळ असतो आणि फ्रेंच सायकलस्वार तिथेच बाटल्या भरतात. आमच्यातल्या दोघांना ते जिवावर आलं, पण तहान जिंकली. 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. उपाहारगृहात 'कराफ द'ओ' मागा; नळाचं पाणी फुकट मिळतं.

मोटारबंद वाट सोडायचीच नाही, असं ठरवणं

या मार्गावरचा जिव्री ते क्लुनी हा 44 किलोमीटरचा पट्टा 1997 साली जुन्या रेल्वेमार्गावर तयार झाला. फ्रान्समधल्या अशा वाटांची सुरुवातच इथून झाली. अशा वाटेला तिथे 'व्वा व्हेर्त' म्हणतात, आणि पहिल्या तासाला तोंडातून 'व्वा' निघतंही. दुसऱ्या तासाला कंटाळा येतो. आगगाडीला चढ झेपत नाही म्हणून रूळ सखल भागातून जातात. बघण्यासारखी गावं मात्र वर टेकडीवर. कोर्मातँपाशी वाट सोडून शापेझकडे वळलात, तर अकराव्या शतकातलं चर्च दिसतं आणि पुढे चढून ब्रांसियों हे मध्ययुगीन गाव लागतं. तेझेचं प्रार्थनास्थळही वाटेपेक्षा वरच आहे. तिथे सपाट मार्गाचा भ्रम फिटतो.

'डी' अक्षर आणि क्रमांक असलेले जिल्हा रस्ते यासाठी उत्तम. मिशलँच्या कागदी नकाशावर पांढऱ्या आणि पिवळ्या रेघा बघा, लाल टाळा. नकाशातल्या रस्त्यावर बाणाचं एक टोक असेल तर चढ 5 ते 9 टक्के, दोन असतील तर त्याहून जास्त, तीन असतील तर 13 टक्क्यांच्या वर. मोबाइलमधला नकाशा अंतराच्या मोहात कधी शेतातल्या पाऊलवाटेवर नेऊन सोडतो, म्हणून कागदी नकाशाशी ताडून पाहा.

क्लुनीच्या दक्षिणेला बुआ क्लेर नावाचा बोगदा आहे, सुमारे 1.6 किलोमीटर लांब. उन्हाळ्यातही आत कुडकुडायला होतं. जाकीट आणि दिवा हाताशी ठेवा. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद असतो आणि तुम्हाला डोंगरावरून जावं लागतं. मार्चच्या सुरुवातीला 'स्वस्तात पडतं' म्हणून जाणाऱ्यांना हे तिथे पोचल्यावर कळतं.

सायकल आणि टायर

25 मिलिमीटर रुंदीच्या टायरवर कालव्याकाठची खडी सोसत नाही. 32 चे घेतले की सगळीकडे निभतं. मळ्यांमधल्या वाटांवर पावसानंतर चिखल असतो, आणि साधारण सप्टेंबरमधल्या द्राक्षकाढणीत उंच ट्रॅक्टर समोरून येतात. त्या आठवड्यांत मुक्कामही भरलेले असतात. पंप प्रेस्टा, म्हणजे बारीक लांब तोंडाच्या व्हॉल्व्हचा आहे ना, ते घरीच तपासा.

भाड्याच्या सायकलीवर बसताच पाच मिनिटं मोकळ्या जागेत ब्रेक दाबून पाहा. तिथे पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो. आपल्या बऱ्याच सायकलींत तो उजवीकडे असतो, त्यामुळे उतारावर घाबरून हात चुकीच्या दांडीवर जातो.

उजवी बाजू, आणि उजवीकडून येणारा

उजव्या बाजूने चालवायची सवय एका दिवसात होते. चूक होते ती थांबून पुन्हा निघताना, विशेषतः रिकाम्या रस्त्यावर. पण खरी गोम 'प्रियोरिते आ द्रुआत' या नियमात आहे. खेड्यात चौकात काही पाटी नसेल, तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मग ती गल्ली बोळाएवढी असो आणि तुम्ही मोठ्या रस्त्यावर असा. पिवळ्या चौकोनाची तिरकी पाटी दिसली तर तुमचा रस्ता अग्रक्रमाचा. तीच पाटी काळ्या रेघेने कापलेली दिसली, तर तो हक्क संपला. वर्तुळाकार चौकात मात्र आतल्या गाड्यांना, म्हणजे डावीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्या.

कानात इअरफोन घालून सायकल चालवायला 2015 पासून बंदी आहे, दंड 135 युरो. वस्तीबाहेर रात्री किंवा धुक्यात परावर्तक जाकीट सक्तीचं.

ट्रेनच्या दोन चुका

टीजीव्ही या अतिवेगवान गाडीत सायकल न खोलता न्यायची तर जागा आधी आरक्षित करावी लागते आणि त्या जागा मोजक्याच असतात. सुटी करून पिशवीत भरली, तर तुमचं सामान म्हणून जाते. टीईआर या प्रादेशिक गाड्या जास्त सोयीच्या: पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून बोन, शालों, माकोंकडे अशी गाडी जाते. पण सायकल टांगायचे हुक मर्यादित असतात, म्हणून शनिवारच्या सकाळचा बेत टाळा. आणि बेर्सीऐवजी गार द लियों या पॅरिसच्याच दुसऱ्या स्थानकाच्या फलाटावर उभे राहू नका.

दुसरी चूक आम्हीच केली. माकोंला दोन स्थानकं आहेत. माकों-व्हील गावात, आणि माकों-लोशे, जिथे टीजीव्ही थांबते, ते गावाबाहेर काही किलोमीटरवर. तिकिटावर बारीक अक्षरांत 'लोशे' छापलेलं होतं, आम्ही सोन नदीच्या काठी आइस्क्रीम खात बसलो होतो, आणि गाडीला चाळीस मिनिटं होती. आम्ही तिघांनी त्या दिवशी पहिल्यांदा सिंहगडाच्या वेगाने पायडल मारले. गाडी मिळाली. सायकल पिशवीत भरायची राहिली, ती फलाटावर उघड्यावरच खोलून भरली आणि एक पायडल आजही लोशेच्या फलाटावर कुठेतरी पडलेलं असेल.