दोन सायकली, एक तंबू: पिट्सबर्ग ते कंबरलंडची तयारी

सामानाआधी दिशा ठरवा. ग्रेट ॲलेगेनी पॅसेज हा जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलरस्ता पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत १५० मैल जातो. आगगाडीला झेपेल एवढाच चढ, त्यामुळे घाट असा कुठे लागत नाही. पिट्सबर्गहून निघालात तर सव्वाशे मैल हळूहळू चढत तुम्ही २,३९२ फुटांवरच्या जलविभाजक रेषेवर पोचता. तिच्या एका बाजूचं पाणी मेक्सिकोच्या आखाताकडे जातं, दुसऱ्या बाजूचं चेसापीक उपसागराकडे. पुढे कंबरलंडपर्यंत चोवीसेक मैल नुसता उतार. उलटीकडून आलात तर हेच चोवीस मैल पहिल्याच दिवशी, भरल्या सायकलीने चढायचे. दोघांतल्या एकाला सवय कमी असेल तर पिट्सबर्गच बरं. मैलांचे आकडे मात्र कंबरलंडला शून्य धरून लावलेत, म्हणजे तुम्हाला ते उतरते दिसतील. थकल्यावर तेच आवडतं.

महिना मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. हिवाळ्यात वाटेतल्या बिग सॅव्हेज बोगद्याची दारं बंद असतात आणि वळसा डोंगरातल्या मोटाररस्त्यांवरून पडतो. बोगदा हजार मीटरचा आहे. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, म्हणून जाकीट पिशवीच्या तळाशी कोंबू नका.

आता सामान, आणि इथेच जोडप्यांची खरी भांडणं होतात. तंबू, स्टोव्ह, पातेलं, पंप, चेनचं औजार, औषधांची पेटी, कुलूप हे सगळं एकेकच घ्या. स्वतःची ट्यूब, दिवा, पाणी, रेनकोट, थोडे सुटे डॉलर आणि डाउनलोड केलेला नकाशा मात्र प्रत्येकाच्या सायकलवर हवाच, कारण नदीकाठच्या दरीत फोनची रेंज जाते आणि दोघांत मैलभर अंतर पडायला वेळ लागत नाही. वजन निम्मंनिम्मं वाटणं दिसायला न्यायाचं, पण चालवताना जाचक. जो पुढे पळतो त्याच्या कॅरिअरवर तंबू आणि शिधा चढवत जा, दोघांचा वेग सारखा होईपर्यंत. औजारं आणि पंप मात्र मागच्याकडे. पुढच्याचं पंक्चर झालं तर मागचा आपोआप येऊन पोचतो. मागच्याचं झालं तर पुढचा शीळ घालत निघून गेलेला असतो. आपापली स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे ज्याचे त्याच्याकडे. तंबूवर ‘दोन माणसांसाठी’ लिहिलेलं असलं तरी तीन माणसांचाच घ्या. जास्तीच्या वजनाबद्दल पहिल्या पावसानंतर कुणी बोलणार नाही.

रस्ता चुनखडीच्या बारीक कचीचा. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर पुरतात, सस्पेन्शनची गरज नाही. पाऊस झाला की या कचीची पांढरी खळ चेनला आणि ब्रेकला बसते. म्हणून मडगार्ड, चिंधी, तेलाची छोटी बाटली आणि ब्रेक पॅडची एक जोडी ठेवा. निघण्याआधी एक शनिवार-रविवार सगळं सामान लादून जवळपास चालवून या. कॅरिअरचे स्क्रू कुठे सैल होतात ते तेव्हाच कळतं.

मुक्काम आधी ठरवा. कॉनेल्सव्हिलला वाटेलगत तीन भिंतींच्या लाकडी पडव्या आहेत. ओहायोपाइलचं गाव सुंदर, पण तिथल्या स्टेट पार्कचं कॅम्पग्राउंड वाटेवरून चांगलंच चढून आहे. माझं मत विचाराल तर धबधबा बघा, खा-प्या आणि अकराएक मैल पुढे कॉन्फ्लुएन्सला तंबू ठोका. पुढे रॉकवुडलाही सोय आहे. नदीपलीकडून रात्रभर मालगाड्या धडधडत असतात, तेव्हा कानातले बोळे विसरू नका.

खाण्याचं म्हणाल तर गावांत पिझ्झा आणि फ्राइज मिळतात, पण शाकाहारी माणूस दोन दिवसांत त्यांना कंटाळतो. घरूनच मूगडाळ, तांदूळ, हळद, हिंग, गोडा मसाला, मीठ एकत्र करून एका जेवणाची एक अशा पिशव्या भरा. दुपारी एक पिशवी डब्यात भिजत घातली की संध्याकाळी खिचडी लवकर शिजते आणि गॅस वाचतो. सोबत तुपाची छोटी बरणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याच्या वड्या. सकाळसाठी फोडणी देऊन परतलेले पातळ पोहे, त्यांना चूलही लागत नाही. झोपताना खाण्याचं काहीही तंबूत ठेवू नका. काळी अस्वलं या डोंगरांत आहेत, पण रोजची चोरी रॅकून करतात. पिशवी झाडाला टांगा. जळाऊ लाकूड बाहेरून आणू नका, त्यातून झाडांची कीड पसरते.

गोचिडींची तयारी दोघांनी मिळून करायची. त्यांच्यातून लाइमचा आजार होतो आणि पेनसिल्व्हेनियात तो भरपूर आहे. कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, बारीक टोकाचा चिमटा ठेवा आणि रोज रात्री एकमेकांची मान, पाठ, गुडघ्यामागची जागा, केसांची मुळं टॉर्च लावून बघा. लाजू नका, एकट्याला हे जमत नाही. तीन पानांचा, अंगाला खाज आणणारा पॉयझन आयव्हीचा वेल आडोशाला जाण्याआधी ओळखायला शिका.

कंबरलंडहून पुढे वॉशिंग्टनला जायचं असेल तर सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याकाठची वाट आणखी १८४.५ मैलांची आहे आणि तिचा स्वभाव वेगळा. दर पाच-सात मैलांवर मोफत मुक्कामाची जागा, टेबल, संडास आणि हातपंप मिळतो. पाण्याला आयोडिनची चव असते, पंप कधी बंदही असतो, म्हणून फिल्टर घ्या. पॉ पॉ बोगद्यात दिवे नाहीत; टॉर्च लावून सायकल हातात धरून चाला. पावसानंतर कालव्याकाठच्या वाटेवर चिखल माजतो. तेव्हा लिटल ऑर्लिन्सपासून शेजारच्या वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेलवर चढा, ती डांबरी आहे.

परतीचं तिकीट तंबूच्याही आधी काढा. कंबरलंडहून पिट्सबर्गला अ‍ॅमट्रॅकची दिवसाला एकच गाडी असते, ती रात्री उशिरा पोचते आणि सायकलींच्या जागा मोजक्याच. दोन सायकलींचं आरक्षण एकाच गाडीत मिळतंय ना, ते पाहूनच तारखा नक्की करा. गाडीत गॅसचा डबा चालत नाही, तेव्हा उरलेला आदल्या मुक्कामी चहा करून संपवा.