मोनॅकोत राहायला जायचंय? आधी कागदांचा क्रम लावा

मोनॅको म्हटलं की 'तिथे आयकर नाही' हे वाक्य ठरलेलं. ते खरंच आहे. तिसरे प्रिन्स शार्ल यांनी १८६९ मध्ये तो बंद केला, आणि फ्रेंच नागरिक सोडले तर आजही तिथल्या रहिवाशांना तो नाही. मात्र जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या या देशात राहण्याचा परवाना पैसे मोजून विकत मिळत नाही. घर आहे, चरितार्थाची सोय आहे आणि चारित्र्य स्वच्छ आहे, या तीन गोष्टी कागदोपत्री दाखवाव्या लागतात. कागद बहुतेकांकडे असतात, पण त्यांचा क्रम चुकतो आणि महिने वाया जातात. म्हणून इथे त्या क्रमानेच सांगतो.

पहिली पायरी: व्हिसा भारतातूनच

'आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ, आवडलं तर तिथेच अर्ज करू' हा बेत मनातून काढून टाका. भारतीय पासपोर्टवर मोनॅकोत स्थायिक व्हायचं तर आधी फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज आपण राहतो त्या देशातूनच, फ्रेंच वकिलातीकडे करायचा असतो. मोनॅकोत राहायला जातोय हे अर्जात स्पष्ट लिहा, कारण फाइल तिथल्या अधिकाऱ्यांकडेही जाते. दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

गेल्या पाच वर्षांत ज्या ज्या देशात राहिलात, तिथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट जमवा. पुण्यात घर असलं तरी मधली तीन वर्षं दुबईत काढली असतील, तर दुबईचंही लागेल.

खरी मेख नावात आहे, आणि ती मराठी घरांत हमखास असते. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. जन्मदाखल्यावर फक्त बाळाचं नाव, तेही मराठीत. लग्नानंतर बाईचं आडनाव बदललेलं, कधी तर पहिलं नावसुद्धा. फ्रेंच पद्धतीच्या कारभारात स्त्रीचं जन्माचं आडनाव आयुष्यभर कागदोपत्री चालतं, त्यामुळे माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा विवाहनोंदणीचा दाखला फाइलमधला सर्वात मोलाचा कागद ठरतो. तो नसेल तर आधी नोंदणी करून घ्या. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी दुरुस्ती इथेच करा. तिथे गेल्यावर महापालिकेचा दाखला बदलून आणणं फार जिकिरीचं होतं. जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांवर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करून घ्या, आणि त्यानंतरच फ्रेंच भाषांतर करा. उलट केलंत तर अपॉस्टिलचा शिक्का भाषांतरात येत नाही आणि पुन्हा खर्च होतो.

दुसरी पायरी: चरितार्थ

नोकरी मिळाली असेल तर हा भाग सोपा आहे. कामाचा परवाना मालकाने काढायचा असतो. नेमणुकीत प्राधान्य कायद्याने ठरलेलं आहे: आधी मोनॅकोचे नागरिक, मग त्यांचे जोडीदार, मग तिथले रहिवासी, मग शेजारच्या फ्रेंच गावांत राहणारे. त्यामुळे बाहेरच्या माणसाला घ्यायचं तर तुमचं कसब खरोखर वेगळं हवं. आठवडा ३९ तासांचा आहे. कारण न देता नोकरीवरून काढण्याची मुभाही मालकाला आहे, म्हणून करारातली नोटीस आणि भरपाईची कलमं नीट वाचून मगच सही करा.

स्वतःच्या पैशावर जायचं असेल तर मोनॅकोतल्या बँकेचं पत्र लागतं. कायद्यात आकडा नाही, पण बँका साधारणपणे किमान पाच लाख युरो ठेव मागतात. इथे आपली अडचण सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार भारतात राहणाऱ्या एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. नवरा-बायकोने मिळून मार्चअखेर एक हप्ता आणि एप्रिलमध्ये दुसरा पाठवला तर रक्कम जमते. मात्र असे पाठवलेले पैसे न गुंतवता पडून राहिले तर १८० दिवसांच्या आत परत आणावे लागतात. ठेवीचं स्वरूप काय असावं हे बँकेला होकार देण्याआधीच सीएला विचारा. आधीच परदेशात कमावत असाल तर ही अट तुमच्या तिकडच्या पैशाला लागू नाही.

बँक पैसे कुठून आले हे खोलात जाऊन विचारणार. जून २०२४ मध्ये मोनॅको एफएटीएफ या काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत, म्हणजे जास्त देखरेखीखाली, गेला, त्यामुळे ढिलाईची अपेक्षा ठेवू नका. जमीन विकली असेल तर खरेदीखत, वारसाहक्काचे कागद आणि आयकराची विवरणपत्रं अशी साखळी हवी. सातबारा द्यायचा तर सोबत भाषांतर आणि तो काय असतो याची चार ओळींची माहिती जोडा.

तिसरी पायरी: घर

व्हिसा हातात येण्याआधी भाडेकरार करू नका. भाडं तीन महिन्यांचं आगाऊ, अनामत आणखी तीन महिन्यांची, आणि दलाली वर्षाच्या भाड्याच्या १० टक्के अधिक २० टक्के व्हॅट. महिना ३,००० युरो भाडं धरा: आगाऊ ९,०००, अनामत ९,०००, दलाली ४,३२० आणि करारनोंदणीचा एक टक्का ३६०. पहिल्या दिवशी २२,६८० युरो गेले, सोसायटीचा खर्च वेगळाच. विकत घ्यायचं तर सरासरी भाव चौरस मीटरला ५० हजार युरोंच्या वर आहे.

घर माणसांच्या मानाने पुरेसं हवं. चौघांच्या कुटुंबासाठी एका खोलीची जागा दाखवली तर अर्ज अडतो. मुलं असतील तर समुद्र हटवून वसवलेलं फोंव्हिएय मला सर्वात सोयीचं वाटतं, कारण ते सपाट आहे; बाकी देश डोंगरउतारावर आहे आणि सार्वजनिक लिफ्टच्या आधाराने चालतो. रस्ता ओलांडला की फ्रान्समधलं बोसोलेय लागतं, भाडं बरंच कमी. पण तिथे राहिलात तर तुम्ही फ्रान्सचे रहिवासी, आणि करही फ्रान्सचा.

चौथी पायरी: रहिवासी कार्ड

भाडेकरार, वीजजोडणीचा कागद, बँकेचं पत्र किंवा नोकरीचा करार आणि पोलीस दाखले घेऊन तिथल्या पोलिसांच्या रहिवासी विभागात वेळ घ्या. मुलाखत होते. इथेच का राहायचंय, याचं खरं आणि साधं उत्तर द्या. पहिलं कार्ड एक वर्षाचं असतं. ते दर वर्षी नव्याने मिळतं. तीन वर्षांनंतर तीन वर्षांचं, आणि दहा वर्षांनंतर दहा वर्षांचं मिळू शकतं. नूतनीकरणाला विजेची बिलं मागतात, त्यामुळे कुलूपबंद घर लपत नाही.

आणि भारतातला कर?

यात खूप जण फसतात. भारत आणि मोनॅको यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार नाही. माहितीच्या देवाणघेवाणीचा मात्र आहे. शिवाय भारतीय नागरिकाचं भारतातून येणारं उत्पन्न वर्षाला १५ लाख रुपयांच्या वर असेल आणि तो कोणत्याच देशात रहिवासी म्हणून कराला पात्र नसेल, तर भारत त्याला रहिवासी मानतो. अशा वेळी परदेशातली साधी कमाई सहसा करात येत नाही, पण भारतातून चालवलेल्या धंद्याची येते. पुण्यातली कंपनी मोनॅकोत बसून चालवायचा विचार असेल तर हा मुद्दा विमानाचं तिकीट काढण्याआधी सोडवा. मोनॅकोचा कर-रहिवासी दाखलाही साधारणपणे वर्षातले सहा महिने तिथे राहिल्यावरच मिळतो. म्हणून येण्याजाण्याच्या तारखांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि बोर्डिंग पास फेकू नका.