गेममधल्या खोगीरभरतीच्या लढाया कशा ओळखाव्यात, कशा दुरुस्त कराव्यात

कथेतल्या दोन मोठ्या प्रसंगांच्या मध्ये वाट उरते. ती ओकीबोकी दिसू नये म्हणून डिझायनर तिथे चार शत्रू उभे करतो. त्यांना मारताना खेळाडूला नवीन काही सुचावं लागत नाही आणि ते नसते तरी कुणाचं काही अडलं नसतं. ही खोगीरभरती. मात्र लहान लढाई म्हणजे खोगीरभरती नव्हे. नवी चाल शिकवणारी वीस सेकंदांची चकमक कामाची असते. दमवणाऱ्या लढाईनंतर नव्या हत्याराची ताकद दाखवणारी सोपी मारामारीही हवीच.

उदाहरणाला सिंहगड घेऊ. पुणेकरांच्या पायाखालची वाट आहे: पायथ्यापासून चढण आणि वर एकामागोमाग एक तीन पुणे दरवाजे. समजा, लेव्हल रात्रीच्या चढाईची आहे. पहिल्या मसुद्यात प्रत्येक दरवाजात सहा भालाईत आणि प्रत्येक वळणावर तीन.

आधी यादी करा. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक लढाईची एक ओळ: जागा, शत्रू कोणते आणि किती, लागलेला वेळ, गेलेली हेल्थ. शेवटच्या रकान्यात एकच वाक्य लिहा: इथे खेळाडूला काय वेगळं ठरवावं लागलं? ‘शत्रू जास्त होते’ हे उत्तर धरू नका. वेळेची बेरीजही कराच. ४५ सेकंदांच्या ४० लढाया म्हणजे खेळाडूची तीस मिनिटं.

शेवटचा रकाना रिकामा राहिलेल्या लढाया बंद करून लेव्हल खेळा. डिलीट करू नका, परत लागतात. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, इन्स्पेक्टर या माहितीच्या चौकटीत ऑब्जेक्टच्या नावाशेजारची खूण काढली की पुरतं. गोडो ४ या तशाच सॉफ्टवेअरमध्ये अनेकजण फसतात: नोड (गेममधला एक घटक, इथे शत्रू) नुसता लपवला तर शत्रू दिसत नाही, पण त्याचा कोड आणि टक्कर दोन्ही चालू राहतात. नोड लपवा आणि त्याचा प्रोसेस मोडही ‘डिसेबल्ड’ करा.

मग गेम कधीच न पाहिलेल्या पाचजणांना खेळायला बसवा. कॉलेजच्या हॉस्टेलवर अशी मंडळी सहज मिळतात. तुम्ही मागे बसा, एक शब्दही सुचवू नका आणि स्क्रीनइतकंच त्यांच्या हातांकडे पाहा. अंगठा एकाच बटणावर ठोके देत राहिला, ढालीच्या बटणाकडे गेलाच नाही, तर ती लढाई हात खेळतोय, डोकं नाही. शत्रूंना वळसा घालून पळणं ही दुसरी खूण. ‘आवडलं का?’ हे विचारण्यात अर्थ नाही, लोक भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी ‘दुसऱ्या दरवाजात काय झालं?’ असं विचारा. आठवत नसेल तर उत्तर मिळालं.

आता खरं काम, दुरुस्ती. शत्रूंची संख्या वाढवण्याआधी जागा आणि जोड्या बदला. पहिल्या दरवाजात दोनच पहारेकरी ठेवा, त्यातला एक मशालवाला. मशाल विझली की दुसऱ्याला दिसत नाही, एवढंच इथे शिकवायचं. दुसऱ्या दरवाजात बुरुजावर एक तिरंदाज आणि खाली दोन ढालवाले. आडोशाला राहिलात तर ढालवाले गाठतात, पुढे आलात तर बाण लागतो. तिसऱ्यात मशाल आणि तिरंदाज एकत्र आणा, वर नगारा वाजवायला धावणारा एक पहारेकरी द्या. आता प्रश्न ‘कुणाला मारू’ असा राहत नाही, ‘आधी कुणाला’ असा होतो. वळणांवरचे सगळे काढून टाका. तिथे वारा आणि वरून येणारा पहाऱ्याचा आवाज पुरेसा आहे. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (२००५) मध्ये लढायला फक्त सोळा महाकाय आहेत आणि मधल्या रिकाम्या वाटांनीच त्यांना वजन येतं.

मेलेल्यांच्या जागी पाठीमागून नवी तुकडी टपकवणं टाळा. खेळाडूने आखलेला डाव त्याच्या चुकीशिवाय वाया जातो.

आकडेही तपासा. शत्रूची हेल्थ १०० आणि तलवारीचा वार २० असेल तर पाच वार लागतात. तलवार सुधारून वार २२ केला, तरी पाचच लागतात. खेळाडूने पैसे मोजले आणि हाताला फरक जाणवला नाही. वार २५ करा, चारात काम होतं. साध्या शत्रूला सात-आठ वार लागत असतील तर आधी हेल्थ कमी करा, बऱ्याच लढायांचा कंटाळा तिथेच जातो.

लढाया काढल्या की खेळाडूची ताकद वाढवणारे अनुभवाचे गुण घटतात, हे विसरलं की पुढचा सरदार अचानक अजिंक्य होतो. दहा लढायांचे प्रत्येकी ५० मिळून ५०० गुण होते आणि चार लढाया गेल्या, तर २०० कमी पडतात. ते उरलेल्या सहांवर सारखे वाटू नका. प्रत्येक दरवाजा ओलांडल्याबद्दल ५० आणि नगारा वाजू न दिल्याबद्दल ५० द्या. हिशेब जुळतो आणि सगळ्यांना मारत बसण्याची सक्तीही उरत नाही. बाणांचा साठाही असाच मोजा: काढलेल्या पहारेकऱ्यांकडून मिळणारे बाण दुसऱ्या दरवाजाआधी भात्यात ठेवा, नाहीतर तिरंदाजासमोर खेळाडू रिकाम्या हातांनी उभा राहील.