डॉट कॉम मिळत नाही, मग नवं एक्स्टेन्शन घ्यावं का? असं ठरवा

समजा, तुमचं ‘ओवी’ नावाचं पैठणीचं दुकान आहे. डॉट कॉममधलं ते नाव कुणीतरी आधीच घेतलेलं. मग डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, विकणारी साइट ओवी डॉट शॉप, ओवी डॉट स्टोअर, ओवी डॉट ऑनलाइन अशी नावं पुढे करते, तीही पहिल्या वर्षी अगदी किरकोळ दरात. लगेच पैसे भरू नका.

नावाच्या शेवटी डॉटनंतर येणाऱ्या या नव्या शब्दांची, म्हणजे एक्स्टेन्शन्सची, वाट 2012 मध्ये मोकळी झाली. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेने तेव्हा प्रत्येकी 1,85,000 डॉलर शुल्क घेऊन अर्ज मागवले आणि 1,930 अर्ज आले. त्यातून हजाराहून जास्त नवी एक्स्टेन्शन्स आली. तरी एकट्या डॉट कॉमची 15 कोटींहून अधिक नावं आहेत, आणि लोकांच्या बोटांना सवय त्याचीच आहे.

आधी फोन लावा. घरातल्या मोठ्या माणसाला नाव एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला सांगा. मराठी नावांची खरी अडचण इथेच कळते. ‘ओवी’ इंग्रजीत लिहिताना कुणी व्ही घालेल, कुणी डब्ल्यू. शेवटी एक आय की दोन ई, हाही प्रश्न. त्यावर अनोळखी शेवट आला की चूक दुप्पट. ‘डॉट स्टोअर’ ऐकून माणूस बऱ्याचदा त्याच्याही पुढे डॉट कॉम जोडतो. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक कंपनीने ओ डॉट को हे नाव साडेतीन लाख डॉलरना घेतलं आणि 2011 मध्ये त्याच नावाने मोठी जाहिरात केली. लोक मात्र ओ डॉट कॉम टाइप करत राहिले आणि कंपनीला जुन्या नावाकडे परतावं लागलं. एवढा खर्च करूनही सवय मोडली नाही, हे लहान दुकानदाराने जरूर लक्षात घ्यावं.

मग नूतनीकरणाचा दर पाहा. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथे होते. डॉट कॉमचा घाऊक दर करारांनी बांधलेला आहे. नव्या एक्स्टेन्शन्सवर तशी मर्यादा नाही. पहिल्या वर्षाचा आकडा विसरा, दुसऱ्या वर्षाचा शोधा. नावापुढे ‘प्रीमियम’ लिहिलं असेल तर तो चढा दर दरवर्षी लागणार का, हे लेखी विचारा. आयकॅनच्या नियमानुसार नूतनीकरणाचा दर वाढवण्यापूर्वी एक्स्टेन्शन चालवणाऱ्या कंपनीने विक्रेत्यांना सहा महिने आधी कळवावं लागतं, आणि त्या काळात जुन्या दराने मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवता येते. विक्रेत्याने ही खबर पुढे पाठवली तर ती चुकू नये, म्हणून नोंदणीला दिलेला ईमेल रोज पाहिला जाणारा असू द्या.

एक्स्टेन्शन कुणाचं आहे, ते तपासा. दोन अक्षरी शेवट देशांचे किंवा प्रदेशांचे असतात: एआय अँग्विलाचं, को कोलंबियाचं. नियम तिथले. एकेकाळी फुकट मिळणाऱ्या ‘डॉट टीके’ या शेवटाचा फसवणुकीसाठी इतका वापर झाला की ते दिसताच लोक सावध होऊ लागले.

नवं नाव जुन्याला खरी टक्कर देतं ते दारावर राखण असेल तेव्हा. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं. तिथे नाव फक्त बँकेलाच मिळतं, त्यामुळे तो शेवट दिसला की ग्राहकाला काहीतरी ठोस कळतं. गुगलच्या डॉट ॲपवर साइट सुरक्षित जोडणीशिवाय ब्राउझरमध्ये उघडतच नाही. डॉट शॉप मात्र कुणीही घेऊ शकतं, त्यामुळे त्यातून विश्वास आपोआप येत नाही.

देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासून आहे आणि मला ते मनापासून आवडतं: ‘ओवी’ मराठीत एकाच प्रकारे लिहितात, स्पेलिंगचा घोळच नाही. पण त्या नावाचा ईमेल अजून अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत. म्हणून ते जोडीला घ्या आणि मुख्य साइटकडे वळवा.

पैठणीच्या दुकानासाठी मी असं करेन: ‘ओवी पैठणी’ असं दोन शब्दांचं नाव डॉट कॉममध्ये शोधेन, सोबत तेच डॉट इनमध्ये घेईन. नेहमीच्या चुकीच्या स्पेलिंगचं एक नावही घेऊन मुख्य साइटकडे वळवेन. नावाची नोंदणी साइट बनवून देणाऱ्याच्या नव्हे, तर स्वतःच्या नावावर करेन, आणि नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय पहिल्याच दिवशी चालू करेन.